नटावरची रेघ

रेघ मोडलेली नव्हती. बॉनेटमध्ये डोकं घालून मी तेलाच्या नळीच्या नटाकडे पाहत होतो. नटावरून निघून खालच्या बिडाच्या कवचावर उतरणारी ती लाल रेघ मी आधी नुसती पाहिली, मग बॅटरी लावून पाहिली, मग अंगठ्याला थुंकी लावून तिच्यावरचं तेल पुसून पाहिली. सलग होती. नट केसभर जरी फिरला असता तरी तिचे दोन तुकडे पडले असते, आणि त्यासाठीच तर पंधरा दिवसांपूर्वी वर्कशॉपमध्ये कोणी नसताना मी ती मारली होती, माझ्या बायकोच्या, सत्यशीलाच्या नेलपॉलिशनं. कोणी नट खोलला की रेघ मोडणार आणि चोर सापडणार, इतका सरळ डाव. नट कोणी खोलला नव्हता. तरी आतला बुश जळाला होता, तिसऱ्यांदा. आणि काल दुपारी, ही रेघ न बघताच, मी कडूबा ड्रायव्हरला कामावरून काढायला लावलं होतं.

न बघताच का, असं कोणी विचारलं तर काय सांगणार? खात्री होती म्हणून. ज्याची खात्री असते ते माणूस तपासत बसत नाही. माझा स्वभाव संशयी आहे हे मी नाकारत नाही. सत्यशीला म्हणते, "तुम्ही स्वतःच्या सावलीकडूनही पावती घ्याल." ती शाळेत शिकवते, तिला असं बोलायला सुचतं. पण संशय मी काही हौसेनं पाळलेला नाही. गेल्या पावसाळ्यात, अठ्ठ्याहत्तरच्या त्या पावसाळ्यात, विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलं तेव्हा आमच्या गावात माझ्या काकाचं घर जळालं. पुंजारामकाका तेव्हापासून जालन्यात माझ्याकडे राहतो. दारातल्या खाटेवर बसून असतो आणि विचारलं तर एकच सांगतो, "लोक उभे व्हते रे. बघत व्हते. धुरात तोंडं दिसली न्हाईत." ज्याच्या घरात असा माणूस बसलेला आहे त्यानं गावच्या कोणावर विश्वास टाकायचा, हे मला जरा कोणी समजावून सांगावं. कडूबा आमच्याच गावचा. त्या दिवशी तो रजेवर होता. कुठं होता, हे मी त्याला विचारलं नव्हतं.

मी बुश बाहेर काढला. बोटाच्या पेराएवढी पितळी नळी. मीच लेथवर कातलेली, तिच्या आतून जाणारा दांडा मीच घासलेला, कवचाचा साचा मीच लाकडात कोरून जुन्या जालन्यातल्या ओतकाम करणाऱ्याकडून चार वेळा ओतून घेतलेला. तातेराव, म्हणजे आमचे वर्कशॉपवाले, ह्या सगळ्या यंत्राला फुंकणी म्हणतात. खरं नाव टर्बो, पण फुंकणीही काही चूक नाही. चुलीत फुंकर घातली की जाळ धरतो, तसं इंजिनात दाबून हवा घातली की इंजिन जोर धरतं. आणि ती फुंकर मारायला वेगळा माणूस लागत नाही, इंजिनाचा जो धूर वाया जातो त्याच्याच झोतावर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं चाक हवा आत ढकलतं. दांडा मिनिटाला हजारो फेरे घेतो. असा दांडा कशालाही टेकला तर संपला. तो तेलावर तरंगावा लागतो, आणि ते तेल इंजिन पाठवतं. हे सगळं मी धरणाच्या कामावर शिकलो. सहा वर्षं तिथल्या मोठ्या यंत्रांच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. इंग्रजी पुस्तकाची पानं साहेब जेवायला गेला की उतरवून घ्यायचो, कारण पुस्तक मागितलं तर तो देणार नाही असं मला वाटायचं. मागून मात्र कधी पाहिलं नाही. धरण संपलं, भंगाराचा लिलाव झाला, तेव्हा एका छोट्या विलायती यंत्राची मोडकी फुंकणी मी उचलली आणि पोत्यात घालून जालन्याला आणली.

तातेराव मोठ्या जमीनदाराचे चिरंजीव, पण त्यांचं मन मातीपेक्षा ग्रीसमध्ये. जुन्या अंबासडर गाड्यांतलं पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवून द्यायचं हा त्यांचा धंदा. डिझेल स्वस्त, म्हणून टॅक्सीवाले खूष. पण चढण आली की तीच गाडी म्हशीसारखी बसायची. मी म्हणालो, तिला फुंकणी लावू. त्यांनी आधी हसून घेतलं, मग आपलीच पांढरी गाडी दिली आणि म्हणाले, "धर्मराज, ही चीज चालली ना, तर पाटीवर तुझं नाव टाकतो. बिलकुल माझ्या नावाच्या बराबर." पाटी दारावर असते, रस्त्यावरून दिसते. आमच्या सात पिढ्यांत कोणाचं नाव पाटीवर लागलं नव्हतं. गावात तर आमच्या आळीलाही नाव नव्हतं, नुसती दिशा होती. त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यातल्या सगळ्या पाट्या वाचत गेलो. आणि त्याच रात्री मला पहिला संशय आला की तातेराव हे सहज का म्हणाले असतील.

बुश तीनदा जळाला. पहिल्यांदा वाटलं, माझंच माप चुकलं. दुसऱ्यांदा मापं सगळी बरोबर होती, मग माणूस चुकीचा असणार. गाडी चालवायचा एकटा कडूबा. रोज सकाळी भोकरदनच्या रस्त्यावरची ती लांब चढण तो गाडी दाबून चढायचा, मी शेजारी बसून घड्याळ बघायचो. चढणीवर गाडी अशी उचलायची की माझ्या पोटात खड्डा पडायचा आणि आनंदानं हसू यायचं. ते हसू कडूबाला दिसू नये म्हणून मी खिडकीबाहेर बघायचो. तो चाळीशीचा, मी बत्तिशीचा, तरी मी त्याला मुद्दाम अरे-तुरे करायचो. त्याला कारण होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना बाजाराहून एकटा चालत येत होतो, पाय भाजत होते, आणि मागून कडूबाची बैलगाडी आली. तेव्हा तो मिसरूड फुटलेला पोरगा. म्हणाला, बस. मी बसलो, कडब्यावर, पाय सोडून. दोन कोस मी राजा होतो. गाव दिसायला लागलं तसं त्यानं बैल थांबवले आणि मागं न बघता म्हणाला, "उतर इथं." बस्स, एवढंच. शिवी नाही, मारणं नाही. मी उतरलो आणि गाडीच्या धुळीतून चालत वेशीत आलो. आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला ती ह्याच्या पुढच्याच वर्षाची गोष्ट. पण दीक्षेचा दिवस मला पुसट आठवतो आणि ते "उतर इथं" मात्र काल ऐकल्यासारखं.

म्हणून काल गाडी चढण चढून, उतार उतरून वर्कशॉपच्या फाटकात आली आणि फुंकणी पुन्हा बसलेली निघाली तेव्हा मी तातेरावांना सरळ सांगितलं, "नळी खोलून तेलात कोणीतरी वाळू टाकून राह्यलंय. आणि गाडीला हात लावणारे दोघंच आहेत." तातेरावांनी कडूबाकडे पाहिलं. कडूबानं माझ्याकडे. त्यानं किल्ली बॉनेटवर ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "वाळू न्हाई टाकली म्या." इतकंच. मला वाटलं, निर्दोष माणूस ओरडला असता. ज्याला ओरडायची सोय नसते तोही ओरडत नाही, हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझा बाप आयुष्यात कधी ओरडला नव्हता. पण ते मला काल आठवलं नाही.

आता बुश तळहातावर घेऊन मी दुसरा चोर शोधायला लागलो. खोटं कशाला बोलू, पहिलं मन तिकडेच धावलं. कोणी नट खोलून पुन्हा बसवला असेल आणि नवी रेघ मारली असेल? खिशातली नेलपॉलिशची बाटली काढून रंग ताडून पाहिला. तोच होता. मग ती बाटली घरात कुठं असते हे कोणाला माहीत आहे? सत्यशीलाला. हे मनात आलं आणि मला माझीच लाज वाटली, घाम फुटेपर्यंत. काल जेवताना ती म्हणाली होती, "रेघ तुम्ही मारली, राखण तुम्ही केली, आता चोर म्हणून मला तेवढं धरा." मी हसलो नव्हतो. तातेराव? पाटीवर नाव टाकायला नको म्हणून? पण गाडी त्यांची, खर्च त्यांचा, आणि रविवारी परतूरचे टॅक्सीवाले बघायला येणार होते ते त्यांच्याच शब्दावर. रविवारी बुश जळाला तर फुंकणी भंगारात जाईल आणि टॅक्सीवाले काय म्हणतील तेही मला ऐकू येत होतं: यंत्राचं काम ह्यांना कुठं जमायचं? 'ह्यांना' म्हणजे कोणाला, ते कोणी फोडून सांगणार नाही. मी ग्राइंडर चालू केला. काहीतरी घासावं म्हणून, उगीच, हाताला काम हवं म्हणून.

आणि लाईट गेली. रोज अकराला जायची तशी गेली. डोक्यावरचा बल्ब गेला, पलीकडच्या पिठाच्या गिरणीचा आवाज खाली खाली जात बंद झाला. वर्कशॉपमध्ये एकदम शांत झालं आणि त्या शांततेत ग्राइंडरचं चाक मात्र फिरत होतं. वीज नव्हती तरी फिरत होतं. बारीक सूर धरून, थांबायचं नावच नाही. मी ऐकत उभा राहिलो. हे चाक मी रोज ऐकतो. रोज लाईट जाते आणि रोज हे असंच फिरत राहतं. पण आज माझ्या हातात बुश होता, आणि मी नळीकडे पाहिलं, नटाकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं. इंजिन बंद झालं की तेल बंद. आणि दांडा? दांडा तर असाच फिरत असणार, ह्याहून कितीतरी जोरात, धुरानं लाल झालेलं चाक गळ्यात घेऊन, कोरडा.

डबीतून आधीचे दोन जळके बुश काढले. तिन्ही शेजारी शेजारी ठेवून उजेडाला दारात नेले. वाळूनं ओरखडे पडतात. एकावरही ओरखडा नव्हता. तिन्ही एकाच बाजूनं, धुराकडच्या बाजूनं, निळे-काळे पडले होते. कोणत्याही शिकाऊ फिटरला दिसलं असतं. मला तीन आठवड्यांत दिसलं नाही, कारण मी बुश बघतच नव्हतो, माणसं बघत होतो.

चढण संपली की आपल्याकडे कोणताही ड्रायव्हर काय करतो? तेलाचे भाव भडकल्यापासून जालन्यातला झाडून प्रत्येक ड्रायव्हर हेच करतो: माथ्यावर आला की स्टॉपची तार ओढून इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, आणि सगळा उतार फुकटात. जो जितका लांब घरंगळत नेईल तो तितका पट्टीचा. मीच कडूबाला तसं बजावलं होतं, कारण मला टॅक्सीवाल्यांना दाखवायचं होतं की फुंकणी डिझेल जास्त पीत नाही. म्हणजे दांडा सर्वांत तापलेला, सर्वांत जोरात फिरत असताना नेमक्या त्याच क्षणी मी त्याचं तेल तोडत होतो. रोज. तिथं शेजारी बसून, हातात घड्याळ घेऊन. आणि दारात उभ्या-उभ्या मला दुसरं एक आठवलं, आणि ते आठवल्यावर मी खालीच बसलो. पहिल्या बुशाच्या वेळी माथ्यावर कडूबाचा हात तारेवर जाऊन थांबला होता. "मिस्तरी," तो म्हणाला होता, "लई गरम वास येऊन राह्यला. जरा वेळ चालू ठिवू का?" आणि मी काय म्हणालो होतो? "ओढ तार. डिझेल काय तुझ्या बापाचं आहे?" मला वाटलं होतं, हा माझा हिशेब बिघडवायला बघतोय. धरणावरही तसंच. संध्याकाळी यंत्र उभं केलं की ऑपरेटर पाच-पाच मिनिटं इंजिन चालू ठेवून वर बिडी ओढत बसायचे. ते कामचोर आहेत, सरकारी डिझेल जाळतात, असं मी साहेबाला जाऊन सांगितलं होतं. साहेब हसला होता. तो का हसला, ह्याचा मी सहा वर्षं वेगवेगळा अर्थ लावला होता आणि प्रत्येक अर्थ माझ्या जातीपाशी येऊन थांबत होता. त्यातले काही खरेही असतील. पण बिडीचं कारण वेगळं होतं.

मला गप्प बसता आलं असतं, हेही लिहून ठेवतो. नवा बुश कातायचा, माथ्यावर दोन मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, रविवारी फुंकणी पळवून दाखवायची, पाटी लावायची. चोर गेला म्हणून यंत्र चाललं, असं सगळ्यांनी मानलं असतं. मी ते मानू दिलं असतं का? तासभर तरी मी मानू देणार होतो. लाईट आल्यावर तासभर मी बुश कातत होतो आणि मनात पाटीची अक्षरं आखत होतो, आणि 'धर्मराज' मधल्या 'ध'पाशी आलो की कडूबा किल्ली ठेवताना दिसायचा. मग मी लेथ बंद केला आणि तातेरावांना जाऊन सांगितलं की चूक माझी आहे, कडूबाला परत आणू. त्यांनी चष्मा काढला. "मंग कडूबाला काढला कशाला?"

"मी सांगितलं म्हणून तुम्ही काढला."

"अन् आता तूच म्हणतो आण?" त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला आणि माझ्याकडे पाहिलं. ह्या माणसाच्या हाती पाटी द्यावी का, हाच विचार चालला असणार. ह्या वेळी तो संशय नव्हता, त्यांच्या तोंडावर दिसत होतं. "आण. पर पाटीचं मंग बघू."

कडूबा जुन्या जालन्यात धान्याच्या एका दुकानापुढं ट्रकमधून पोती उतरवत होता. एका दिवसात ड्रायव्हरचा हमाल झाला होता. मी रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. त्यानं मला पाहिलं आणि पोतं घेऊन आत गेला, बाहेर आला, दुसरं घेतलं. अशी सात पोती झाली. मग टॉवेलनं मान पुसत समोर आला.

"वाळू नव्हती," मी म्हणालो. "चूक माझी होती. तुम्ही बरोबर होता, इंजिन चालू ठेवायला हवं होतं." कधी नव्हे ते तोंडातून 'तुम्ही' निघालं.

"मला ठाऊक व्हतं, तुम्ही माझ्यावर डोळा ठिवून हाये. तो नट रंगवलेला बी म्या बघितला व्हता."

"मग बोलला का नाही?"

"बोललो असतो तर म्हणले असते, ह्याला कसं दिसलं?" तो म्हणाला. ते खरं होतं. मी नेमकं तेच म्हणालो असतो.

तो लगेच आला असं नाही. आधी म्हणाला, गरज न्हाई. मग म्हणाला, गाडी खाली होऊ द्या. मी पायरीवर बसून राहिलो. चार वाजता तो माझ्या मागं चालायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवा बुश घालून आम्ही चढणीला लागलो. नटावर रेघ मारली नव्हती. गाडीनं उचल घेतली आणि मला हसू आलं ते मी ह्या वेळी लपवलं नाही. कडूबानंही पाहिलं असावं. माथ्यावर त्यानं गाडी कडेला घेतली, हात तारेवर ठेवला आणि ओढली नाही. इंजिन संथ चालत राहिलं. मी घड्याळ बघितलं. दोन मिनिटं म्हणजे किती लांब असतात, हे शेजारी बसल्याशिवाय कळत नाही. इतके दिवस माथ्यावर आलो की तार ओढायची आणि उताराला लागायचं, बोलायला वेळच नसायचा. आता यंत्रच बसा म्हणत होतं. खाली ज्वारीची राखण करणाऱ्या कोणाची तरी आरोळी ऐकू येत होती.

"तुम्ही इचारलं न्हाई कव्हा," कडूबा समोर बघत म्हणाला.

"काय?"

"काकाचं घर जळालं त्या दिशी मी गावात व्हतो का, ते."

माझे कान तापले.

"व्हतो. मायला बघाया गेल्तो. आग म्या लावली न्हाई, लेकराची आण. पर इझवली बी न्हाई. घागर व्हती हातात, भरलेली. चार लोक म्हणले, कडूबा, ठिव खाली. ठिवली." त्याचा हात तारेवरच होता. "उभा राह्यलो."

म्हणजे मी जे धरून बसलो होतो ते खोटं होतं, आणि खरंही होतं. धुरातल्या त्या तोंडांपैकी एक माझ्या शेजारी बसलं होतं. मला संताप आला. इतका, की दार उघडून चालत जावंसं वाटलं. आणि त्याच वेळी असंही वाटलं की आजवर ह्या माणसांपैकी कोणीही मला, न विचारता, खरं सांगितलं नव्हतं. दोन्ही एकदम वाटलं. काय करायचं कळेना म्हणून मी आयुष्यभर जपलेली गोष्ट बाहेर काढली.

"आणि ती बैलगाडी?"

"कोणची बैलगाडी?"

"मला बसवलं होतं. मग वेशीच्या अलीकडं उतर म्हणालात."

त्यानं माझ्याकडे वळून पाहिलं. आठवायचा खरोखर प्रयत्न केला त्यानं. कपाळावर आठ्या आल्या. "न्हाई बा," तो हळूच म्हणाला. "ध्यानात न्हाई."

तेवीस वर्षं. मी एकट्यानंच ती गाडी हाकत होतो.

घड्याळात दोन मिनिटं होऊन गेली होती. फुंकणीचा तो बारीक सूर उतरून कधीच थांबला होता. दांडा आता गार झाला असणार, तेल पोचलं होतं, बुश वाचला होता.

"झाली का दोन मिन्टं?" कडूबानं विचारलं. "ओढू तार?"

"नको," मी म्हणालो. "अजून थोडं चालू ठेवा."